द्राक्षाची जेली आणि कोरडवाहूचे माजघर



'नुसते पिकवून काय होणार? प्रक्रिया करा, मूल्यवर्धन करा, श्रीमंत व्हा.' हा उपदेश आता गावोगावच्या मेळाव्यांत ऐकू येतो. कृषी खात्याचे साहेब करतात, बँकेचे साहेब करतात आणि निवडणूक जवळ आली की पुढारीही करतात. कापसाला भाव मागितला तर म्हणतात, कापूस कसला विकता, कापड विका. ज्वारीला भाव मागितला तर म्हणतात, ज्वारी कसली विकता, बिस्किटे विका. उपदेश करायला खिशात हात घालावा लागत नाही, भाव द्यायचा म्हटला की घालावा लागतो. म्हणून उपदेश फुकट मिळतो आणि भाव मिळत नाही.

दुसऱ्या बाजूला आपलेच काही जुने कार्यकर्ते आहेत. प्रक्रियेचे नाव काढले की त्यांच्या कपाळाला आठी पडते. 'पापड-लोणच्यात अडकलात की आंदोलन बुडाले समजा', असे ते म्हणतात. त्यांची भीती खोटी नाही. भावाची लढाई सोडून बरण्या भरत बसलो तर सरकारला हवेच आहे.

हे दोन्ही बाजूंचे बोलणे आम्ही पुष्कळ ऐकले. यंदा महाशिवरात्रीनंतर आम्ही चौघे कार्यकर्ते निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराकडे पाच दिवस मुक्कामाला होतो. आमच्यातल्या एकाची तिथे सोयरीक आहे. बागेची तोडणी संपत आली होती. त्या घरात आम्ही द्राक्षाची जेली केली. खुडण्यापासून बाटली भरेपर्यंत सगळे काम हाताने केले, तोलून मापून केले आणि शेवटी हिशेब मांडला. त्या हिशेबातून जे निघाले ते जिल्हा बैठकीपुढे ठेवण्यासारखे आहे, म्हणून हा लेख.

जेली होते कशी

द्राक्षाच्या बागेत तोडणी झाली की तीन प्रकारचा माल निघतो. एकसारख्या मण्यांचा, डाग नसलेला घड परदेशी जातो. त्याखालचा घड देशातल्या बाजारात जातो. आणि घडातून सुटलेले, लहान राहिलेले, कैचीने काढून टाकलेले मणी क्रेटच्या तळाशी उरतात. त्यांना बाजारात कुणी विचारत नाही. जेली होते ती या तिसऱ्या मालाची. मणी सुटा असला तरी नासका चालत नाही, आणि फवारणीनंतरचे दिवस पूर्ण झालेल्या बागेतलाच लागतो, हे घरच्या वहिनींनी पहिल्यांदा बजावले.

मणी धुऊन निथळले, पातेल्यात चेचले आणि थोड्या पाण्यात दहा-बारा मिनिटे उकळले. मग धुतलेल्या पातळ कापडात बांधून टांगून ठेवले. कापड पिळायचे नाही. पिळले की रस गढूळ होतो आणि जेली काचेसारखी निघत नाही. रस निघाला तरी लगेच साखर घालायची नाही. घरातल्या आजी म्हणाल्या, 'भाऊ, रात्रभर गारव्याला बसू द्या त्याला. खाली खडे बसतात, ते मागं ठेवायचे.' आजींचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. द्राक्षात टार्टारिक आम्ल असते. त्याचा क्षार थंड रसात बारीक स्फटिक होऊन तळाला बसतो. घाई केली तर हेच स्फटिक पुढे जेलीत होतात आणि वाळू खाल्ल्यासारखे दाताखाली येतात.

जेली घट्ट व्हायला तीन गोष्टी लागतात: पेक्टिन, आम्ल आणि साखर. पेक्टिन म्हणजे फळातला चिकट, धरून ठेवणारा अंश. पेरूत, कवठात आणि कच्च्या फळात तो भरपूर असतो, फळ पिकत जाते तसा कमी होतो. नाशिककडची थॉमसन किंवा सोनाका खायला गोड, पण तिच्यात आम्ल आणि पेक्टिन दोन्ही बेताचेच. म्हणून तिची जेली सैल राहते. पेक्टिन किती आहे हे पाहायची सोपी रीत आहे. चमचाभर गार रसात दोन चमचे स्पिरिट घालून हलवायचे. एकच घट्ट गोळा झाला तर पेक्टिन पुरेसे, तुकडे तुकडे झाले तर कमी. हा तपासलेला रस फेकून द्यायचा, तोंडाला लावायचा नाही, कारण जळाऊ स्पिरिट विषारी असते.

आमच्या रसाचे तुकडेच झाले. आता आमच्या बांधावरची कवठे कामाला आली. महाशिवरात्रीला चटणी करावी म्हणून पिशवीभर कवठे आम्ही भेट नेली होती. त्यांचा गर पाण्यात उकळून, गाळून त्याचे वाटीभर पाणी द्राक्षाच्या रसात घातले. लिंबू पिळले. रस मोठ्या आचेवर ठेवला, साखर घातली, वर येणारा फेस काढत राहिलो. चमचा बुडवून तिरका धरला की आधी थेंब पडतात. मग दोन थेंब एकत्र येतात आणि शेवटी पापुद्र्यासारखा पडदा सुटतो. पडदा सुटला की उतरवायचे. उष्णतामापी असेल तर १०५ अंश सेल्सियसच्या आसपास ही खूण मिळते. उकळून घेतलेल्या कोरड्या बाटल्यांत गरम गरम भरले आणि झाकणे लावली. सकाळी बाटली आडवी केली तरी जेली जागची हलली नाही.

बागायती द्राक्षाला उभे राहायला कोरडवाहू बांधावरचे कवठ लागले, ही गोष्ट लक्षात ठेवा. तिच्यावर पुढे बोलू.

बाटलीचा ताळेबंद

आता हिशेब पाहा. तीन किलो सुट्या मण्यांचा दोन लिटर रस निघाला. त्याला दीड किलो साखर लागली. तयार जेली झाली पावणेतीन किलोच्या वर. पाव किलोच्या अकरा बाटल्या भरल्या.

पहिली गोष्ट, द्राक्षाची जेली म्हणतो खरे, पण तिच्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग विकतच्या साखरेचा आहे. जेलीत विरघळलेला घन भाग शेकडा ६५ असावा असे प्रमाणच आहे आणि त्यामुळेच ती टिकते. म्हणजे द्राक्षवाल्याने जेली केली तरी आधी साखर, गॅस, बाटली, झाकण आणि चिठ्ठी या सगळ्यांचे पैसे मोजायचे आणि उरले तर आपले.

दुसरी गोष्ट, सुट्या मण्यांना किलोला १० रुपये भाव धरा. तीन किलोचे ३० रुपये. अकरा बाटल्यांवर वाटले तर एका बाटलीत द्राक्षाची किंमत पावणेतीन रुपये. उद्या द्राक्षाचा भाव दुप्पट झाला तर बाटलीमागे आणखी पावणेतीन रुपये वाढतील, बस. ज्या बाटलीला शहरातला माणूस नोटा मोजतो, तिच्यात शेतकऱ्याच्या मालाचा वाटा असा चिल्लर आहे. 'शेतकऱ्याला भाव दिला की महागाई होते' असे म्हणणाऱ्यांना हा हिशेब दाखवावा.

कापसाचे वेगळे नाही. एका सदऱ्याला किलोभर कापूस लागतो असे सढळ हाताने धरा. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे सदऱ्यात कापूस ८१ रुपयांचा, तोही हमीभाव हाती पडला तर. शिवाय त्यातून निघालेली सरकी जिनिंगवाला वेगळी विकतो. सदरा केवढ्याला मिळतो ते दुकानात जाऊन पाहा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. या अकरा बाटल्यांसाठी त्या घरातल्या दोन बायका मिळून एक पुरा दिवस राबल्या. आम्ही चौघे हाताखाली होतो ते वेगळेच. ही मजुरी हिशेबात धरली की बाटली कारखान्याच्या बाटलीपेक्षा महाग पडते. शून्य धरली की स्वस्त पडते. मूल्यवर्धनाचा उपदेश करणारे पाहुणे ती शून्य धरतात. 'घरच्या घरी होते, फावल्या वेळात होते', असे सांगतात. शेतकऱ्याच्या बाईला फावला वेळ असतो हा शोध कुणी लावला? पहाटेपासून चूल, पाणी, गुरे, निंदण, वेचणी करून जो वेळ उरतो त्याला झोप म्हणतात. शेतमालाचा उत्पादनखर्च काढताना घरच्यांची मजुरी धरली पाहिजे म्हणून आपण वर्षानुवर्षे भांडलो. तीच मजुरी माजघरातल्या मालाच्या हिशेबातून आपल्याच हाताने खोडायची, हे चालणार नाही.

वहिनींना विचारले, एवढा कुटाणा मग करता कशाला? त्या म्हणाल्या, 'दादा, फेकायचा माल आहे. पाहुण्याच्या हातात बाटली ठेवली की त्याला आमचा मळा आठवतो. पोट काही यावर नाही भरत आमचं.' त्यांचे घर चालते ते घडांवर, आणि घडांवरच बुडतेही. अवकाळी पाऊस झाला की मणी तडकतात. गारपीट झाली की वर्ष जाते. व्यापारी माल उचलतो आणि पैसे न देता पसार होतो, हेही त्या तालुक्यात नवे नाही. जेलीने यातले एकही संकट टळत नाही.

पेरले एकाने

द्राक्षाच्या जेलीचे खरे गाव अमेरिकेत आहे. तिची कथा आपण ऐकण्यासारखी आहे.

मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या कॉन्कॉर्ड गावी एफ्रेम बुल नावाचा माणूस राहत असे. त्या थंड प्रांतात युरोपातली द्राक्षे तग धरत नसत. बुलने रानटी द्राक्षाच्या बियांपासून हजारो रोपे केली, निवडत गेला आणि १८४९ साली त्याला हवा तो वेल मिळाला. जांभळा, सुवासिक, आंबट-गोड आणि थंडी सोसणारा. गावाच्या नावावरून त्याला कॉन्कॉर्ड म्हणतात. बुलने रोपे विकायला काढली, पण इतर रोपवाटिकावाल्यांनी त्याच रोपांपासून आपापली रोपे केली आणि धंदा त्यांनी केला. बुल १८९५ साली गरिबीत वारला. त्याच्या थडग्यावरच्या दगडावर कोरले आहे की त्याने पेरले, कापले दुसऱ्यांनी. हा दगड अमेरिकेतला असला तरी आपल्या कुठल्याही गावच्या वेशीवर शोभेल.

कापले कुणी? १८६९ साली थॉमस वेल्च नावाच्या दंतवैद्याने याच द्राक्षाचा रस उकळून, न आंबता टिकवायची रीत बसवली. त्याच्या मुलाने त्याचा मोठा धंदा केला. पुढे रसाबरोबर जेली आली. कॉन्कॉर्डची जेली आणि भुईमुगाचे लोणी पावाला लावून खाणे हा तिथल्या शाळकरी पोरांचा रोजचा डबा झाला. बागा शेतकऱ्यांच्या आणि बाटलीवरचे नाव कंपनीचे, अशी पुष्कळ वर्षे गेली. मग द्राक्ष उत्पादकांनी आपली सहकारी संस्था काढली आणि १९५६ साली त्या संस्थेने वेल्च कंपनीच विकत घेतली. वेल पिकवणारे बाटलीचे मालक झाले.

यातून धडा काय घ्यायचा? त्या शेतकऱ्यांनी घरोघर पातेली चढवून कंपनीशी स्पर्धा केली नाही. एकत्र येऊन कारखाना, नाव आणि बाजार हातात घेतला. त्यांना तसे करायला कायद्याने अडवले नाही. भांडवल उभे करता आले, माल कुठेही नेता आला.

आपल्याला कुणी अडवले

आता आपल्याकडे पाहा. १९७१ च्या कायद्याने कापसाची एकाधिकार खरेदी आली आणि १९७२-७३ च्या हंगामापासून ती लागू झाली. कापूस पिकवायचा आम्ही आणि विकायचा एकाच ठिकाणी. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला तरी सीमेपलीकडे कापूस नेला की तो गुन्हा. आपलाच माल, पण चोरासारखा रात्री न्यायचा. हे तीस वर्षे चालले आणि २००२ साली एकाधिकार संपला. त्या तीस वर्षांत ज्या कापूसवाल्याला आपली गाठ कुठे बांधायची ते ठरवायची मुभा नव्हती, त्याला आज विचारतात की तुम्ही प्रक्रियेकडे का वळला नाहीत!

फळांचीही तऱ्हा तीच. १९५५ च्या फळ उत्पादन हुकुमाखाली जॅम, जेली, सरबत विकायला करायचे तर परवाना लागे. चार बाटल्या विकणारी बाई आणि कारखाना यांना एकाच कायद्याखाली साहेबाच्या दारात उभे राहावे लागे. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आला, तेव्हा छोट्या उत्पादकाला परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरेशी झाली. हे बरे झाले, पण अर्धशतक उलटल्यावर.

द्राक्षवाला मात्र या जाळ्यातून बराचसा सुटला. द्राक्षावर एकाधिकार खरेदी कधी आली नाही. माल मुंबईला न्या, कलकत्त्याला न्या, विलायतेला पाठवा. ही मोकळीक मिळताच शेतकऱ्याने काय करून दाखवले ते पाहा. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी आपल्याच बागेत निरखून नवे वाण निवडले. सोनाका या नावातला 'सो' सोलापूरचा, 'ना' नान्नजचा आणि 'का' काळ्यांचा. शरद सीडलेसही त्यांचेच. तासगाव भागातल्या आर्वे यांनी तास-ए-गणेश निवडले. १९९१ साली द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी मिळून महाग्रेप्स ही निर्यातीची संस्था उभी केली. तासगाव-सांगलीकडे बेदाण्याची शेड उभी राहिली. चार किलो द्राक्षाचा किलोभर बेदाणा होतो, तो शीतगृहात थांबू शकतो आणि सौद्यात बोली लावून विकतो. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीला सह्याद्री ही शेतकऱ्यांचीच कंपनी उभी आहे. ती द्राक्षाच्या निर्यातीतून वाढली आणि मग फळे-भाज्यांच्या प्रक्रियेत उतरली.

आम्ही द्राक्षवाल्याचे कौतुक करतो म्हणून त्याचे सगळे सुखात चालले आहे असे कुणी समजू नये. २०१० साली युरोपने द्राक्षातल्या एका वाढनियंत्रक औषधाच्या अंशावर बोट ठेवले आणि कंटेनर अडकले. २०२० च्या टाळेबंदीत ऐन हंगामात बाजार बंद झाला आणि ज्यांनी कधी बेदाणा केला नव्हता तेही मिळेल त्या जागेत द्राक्षे वाळवू लागले. कर्ज त्यांच्याही डोक्यावर आहे. फरक एवढाच की माल थांबवायची एक वाट त्यांच्याकडे आहे. कापूस उत्पादकाकडे ती नाही. म्हणून २०२५ च्या ऑगस्टमध्ये सरकारने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ केले आणि ती माफी डिसेंबरअखेरपर्यंत ठेवली, तेव्हा ऐन वेचणीच्या दिवसांत आपण भावाकडे बघत राहिलो. शेतकऱ्याने सूत काढावे असा उपदेश करणाऱ्या सरकारने सूतगिरणीला परदेशी रुई बिनशुल्क आणू दिली. याला मूल्यवर्धन म्हणायचे का?

कोरडवाहूचे माजघर

१९९१ साली शरद जोशी यांनी चतुरंग शेतीचा विचार मांडला. सीता शेती, माजघर शेती, व्यापार शेती आणि निर्यात शेती ही तिची चार अंगे. त्यातल्या माजघर शेतीची त्या काळी काहींनी चेष्टा केली. पण अर्थ साधा होता. शेतातला माल हाती आला की त्याच दिवशी व्यापाऱ्याच्या काट्यावर टाकायची लाचारी संपावी. माल घरात थोडा थांबावा, टिकावा, त्याचे रूप बदलावे. भावाच्या लढाईत थांबायची ताकद यावी. भावाला पर्याय म्हणून माजघर कुणी सांगितले नव्हते.

ही कसोटी लावून आपल्या शेताकडे पाहू. द्राक्ष आपल्याकडे नाही. नको त्या पाण्याचा आणि कर्जाचा हव्यासही नको. पण बांधावर कवठ आहे. कवठात पेक्टिन आणि आम्ल दोन्ही भरपूर, बाहेरून काही घालावे लागत नाही. कवठाची जेली आपल्या आया-आज्या पूर्वीपासून करत आल्या. कापसाच्या आणि ज्वारीच्या कडेने अंबाडी आहे. तिची भाजी आपण खातो, वाखाचे दोर वळतो आणि लाल बोंडे पुष्कळदा तशीच वाळून जातात. ती लाल पाकळ बी काढून पाण्यात उकळा, गाळा, रसाइतकी किंवा थोडी कमी साखर घाला. माणकासारखी लाल जेली होते. तिला लिंबूही लागत नाही. परदेशात याच बोंडांना वेगळे नाव देऊन त्यांचा चहा विकतात.

ज्वारीचा हुरडा आहे. मळ्यात पाहुणा यावा, राहावा, पैसे मोजून खावे, ही रीत द्राक्षवाल्याने वाइनच्या निमित्ताने अलीकडे बसवली. आपल्याकडे हुरड्याला पाहुणा येण्याची रीत पिढ्यांची, फक्त आपण पैसे घेत नव्हतो. छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगरकडच्या शेतकऱ्यांनी ते घ्यायला सुरुवात केली आहे. हुरड्याला आलेल्या पाहुण्याच्या हातात अंबाडीची बाटली ठेवली तर दुकानदार, अडत्या, वाहतूक हे मधले सगळे हिस्से गळतात. घरच्या जेलीचा हिशेब जमतो तो अशाच ठिकाणी. माल फेकायचा किंवा बांधावरचा असावा, गिऱ्हाईक दारात यावे आणि बाईची मजुरी किमतीत धरलेली असावी. या तीन अटींपैकी एक जरी सुटली तरी तो धंदा राहत नाही, वेठबिगारी होते.

आणि आणखी एक. बाटलीचे पैसे बाईच्या हातात गेले पाहिजेत. लक्ष्मीमुक्तीच्या वेळी हजारो शेतकऱ्यांनी आपणहून घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमीन केली. ज्या चळवळीने जमीन दिली तिला बाटलीचे पैसे बाईच्या खात्यात टाकणे जड जाऊ नये. राबायचे तिने आणि पाकीट भरायचे दुसऱ्याचे, असे माजघर बाजार समितीच्या काट्यापेक्षा वेगळे नाही.

बैठकीत काय ठरवायचे

आमचे म्हणणे थोडक्यात असे.

एक, प्रक्रिया हा भावाला पर्याय नाही. कापूस, ज्वारी, तूर यांचा मोठा ढीग माजघरात मावणारा नाही. त्याला बाजारातच भाव मिळाला पाहिजे. जो साहेब भावाच्या प्रश्नाला जेलीचे उत्तर देईल, त्याच्यापुढे अकरा बाटल्यांचा ताळेबंद ठेवा आणि विचारा, मजुरी कुठल्या खान्यात धरली?

दोन, प्रक्रियेचा हक्क आम्ही सोडणार नाही. आंदोलन बुडेल या भीतीने पातेल्याला हात न लावणे हेही शहाणपणाचे नाही. ज्याला थांबता येते त्यालाच सौदा करता येतो. नोंदणी गावात व्हावी, साहेबाच्या फेऱ्या नसाव्यात, छोट्या उत्पादकाला तपासणीच्या नावाखाली कुणी नाडू नये. जेलीवर २०१७ पासून १२ टक्के कर होता, तो सप्टेंबर २०२५ मध्ये ५ टक्क्यांवर आला. शेतकऱ्याने स्वतःच्या मालाची स्वतः केलेली वस्तू करमुक्तच असावी, ही मागणी आपण केली पाहिजे.

तीन, मोठी प्रक्रिया करायची तर एकट्याने नाही. २००२ च्या कायदादुरुस्तीने शेतकऱ्यांना आपली उत्पादक कंपनी काढता येते. कागदावरच्या कंपन्या पुष्कळ निघाल्या, त्यांतल्या बऱ्याच अनुदान संपले की झोपल्या. दहा-पंधरा गावांच्या कापसाचे जिनिंग आपल्या नावाने करून गाठी आणि सरकी स्वतः विकायची, एवढे एकच काम घेऊन एक कंपनी नीट चालवून दाखवू. अनुदानाच्या आशेवर नको, सभासदांच्या भांडवलावर. महाग्रेप्सवाल्यांना जे जमले ते आपल्याला जमणार नाही असे आम्ही मानत नाही.

चार, येत्या हंगामात प्रत्येक तालुक्यातून निदान पाच घरांनी अंबाडीची किंवा कवठाची जेली करावी आणि खर्च लिहून ठेवावा. साखर, जळण, बाटली, मजुरी, विक्री. पुढच्या जिल्हा बैठकीत या वह्या समोर घेऊन बोलू. तज्ज्ञांच्या अहवालापेक्षा आपल्या घरच्या वहीवर आमचा जास्त विश्वास आहे.

एफ्रेम बुलच्या दगडावर जे लिहिले ते आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढ्यांनी भोगले. पेरणाऱ्यानेच कापावे, आणि कापल्यावर ते कधी, कुठे, कोणत्या रूपात विकायचे तेही पेरणाऱ्यानेच ठरवावे. यात कुणाची मेहरबानी नको. ज्यांनी आजवर अडवले त्यांनी फक्त वाटेतून बाजूला व्हावे, एवढेच आमचे मागणे आहे. बैठकीला येताना वही आणा आणि घरातल्या बायकांनाही बरोबर आणा. हिशेब त्यांचा आहे, तो त्यांनीच मांडायचा आहे.